वीस गुणांचा झब्बू

1995 च्या जूनमध्ये 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाचा 'आइस एज' नावाचा संच बाजारात आला. त्यात 'इल्यूजन्स ऑफ ग्रँजर' नावाचं एक निळं पान होतं. ते पटावर आलं की खेळणाऱ्याला आयुष्याचे 20 गुण मिळायचे आणि पटावरून गेलं की 20 गुण जायचे. मधल्या काळात ते टिकवायचं तर प्रत्येक फेरीला जादूच्या चलनात भाडं: आधी दोन, मग चार, मग सहा. या खेळात प्रत्येकाची सुरुवातच मुळी 20 गुणांनी होते आणि जो शून्यावर येतो तो हरतो. म्हणजे आज उसने मिळालेले गुण उद्या त्याच जागी परत द्यायचे, वर चढतं भाडं भरायचं. पाकिटातून हे पान निघालं की लोक ते निमूटपणे रद्दी पानांच्या खोक्यात टाकत.

चार वर्षांनी, जून 1999 मध्ये, 'अर्झाज डेस्टिनी' संचात 'डोनेट' आलं. तेही निळंच. तुमची पटावरची एक वस्तू उचलून दुसऱ्याच्या मालकीची करायची, एवढंच त्याचं काम. आपलं चांगलं पान समोरच्याला कोण देईल? आणि वाईट पान मुळात आपल्या डेकमध्ये घेईल कोण? हेही खोक्यात.

आता दोन्ही पानं शेजारी ठेवा. इल्यूजन्स खेळून आपण 20 गुण खिशात घालायचे. मग डोनेट खेळून तेच इल्यूजन्स समोरच्याला द्यायचं. गुण आपल्याकडे, भाडं त्याच्याकडे. भाडं थकलं की पान पटावरून जाणार आणि त्याचे 20 गुण घेऊनच जाणार. सांगलीला माझी आजी दुपारच्या जेवणानंतर आम्हा नातवंडांना घेऊन झब्बू खेळायला बसायची. नको असलेलं पान नेमकं नको त्या वेळी दुसऱ्याच्या गळ्यात मारताना तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसे, ते मला या जोडीत पुरेपूर सापडतं.

अशा जोड्यांवर उभ्या केलेल्या डेकला खेळाडू कॉम्बो डेक म्हणतात. मॅजिकचा इतिहास सांगताना लोक महागडी पानं, बक्षिसं आणि विजेते यांच्याबद्दल बोलतात. मला त्या इतिहासाची दुसरी बाजू आवडते. कोणी ढुंकूनही न पाहिलेली पानं उचलून त्यांच्यातून यंत्र उभं करणाऱ्यांची आणि मग ते यंत्र बंद पाडायला धावणाऱ्यांची.

खेळाचा जनक रिचर्ड गारफिल्ड. गणिती माणूस. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संयोजनशास्त्रात त्याने पीएचडी केली, ती 1993 मध्ये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिएटलजवळच्या 'विझर्ड्स ऑफ द कोस्ट' या छोट्या कंपनीने मॅजिकची पहिली आवृत्ती काढली. कंपनी तेव्हा पीटर अ‍ॅडकिसनची. त्या आवृत्तीत 295 वेगवेगळी पानं होती. आता 295 पानांतून दोन-दोनच्या जोड्या किती निघतात? 43,365. जोड्यांची संख्या पानांच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते हे संयोजनशास्त्र शिकलेल्या माणसाला सांगायला नको. तरी आखणी करताना गृहीत असं होतं की एखादा खेळाडू फार तर काही पाकिटं विकत घेईल, दुर्मीळ पानं दुर्मीळच राहतील आणि एकाच्या हाती सगळं येणार नाही. लोकांनी खोकीच्या खोकी विकत घेतली. आज पानांची संख्या 25 हजारांच्या पुढे आहे आणि जोड्या 31 कोटींच्या पुढे. कंपनीतले मूठभर तपासनीस त्या सगळ्या पाहणार तरी कशा?

पहिली गाजलेली जोडी पहिल्याच आवृत्तीत होती: 'चॅनल' आणि 'फायरबॉल'. मॅजिकमध्ये पान खेळायला माना लागतो. माना म्हणजे जादूचं चलन, आणि ते मुख्यतः जमिनीच्या पानांतून येतं. चॅनल खेळलं की आयुष्याचा एक-एक गुण मोडून माना करता येतो. फायरबॉलमध्ये जितका माना ओताल तितका मार समोरच्याला. पहिल्याच फेरीत एक डोंगर आणि 'ब्लॅक लोटस' हातात असेल तर हिशेब असा: लोटसमधून तीन हिरवे माना, त्यातले दोन चॅनलला. डोंगराचा लाल माना फायरबॉल पेटवायला. उरलेला एक हिरवा आणि स्वतःचे 19 गुण मोडून आलेले 19, मिळून 20. समोरचा अजून आपली पानं लावतोय आणि डाव संपला. स्वतः एका गुणावर जिवंत.

सुरुवातीच्या नियमांत डेक किमान 40 पानांचा असे आणि एकच पान कितीही वेळा घालता येई. 1994 मध्ये स्पर्धांसाठी किमान 60 पानं आणि एका पानाच्या जास्तीत जास्त चार प्रती असा नियम आला. तो आजही पाया आहे. तरी चॅनल-फायरबॉलला मी विक्षिप्त डेक म्हणणार नाही. दोन्ही पानं एकेकटीही दणकट होती. मोठा हातोडा मोठ्या हाताने मारला, यात कल्पकता कुठली?

कल्पकता दिसली ती 1997 च्या एप्रिलमध्ये, पॅरिसच्या 'प्रो टूर' स्पर्धेला. तिथे फक्त 'मिराज' आणि 'व्हिजन्स' या दोन संचांतली पानं वापरायची परवानगी होती. माइक लाँग नावाचा अमेरिकन खेळाडू जो डेक घेऊन आला, त्याला 'प्रॉस्परस ब्लूम' किंवा लाडाने 'प्रॉसब्लूम' म्हणतात. त्यातलं जवळजवळ एकही पान बाकी कोणाच्या डेकमध्ये शोभलं नसतं.

'स्क्वॉन्डर्ड रिसोर्सेस' हे पहिलं. आपली जमीन विकायची आणि त्या बदल्यात एक माना घ्यायचा. घरदार विकून मेजवानी करण्याचा हा प्रकार. 'नॅचरल बॅलन्स' हे दुसरं, चार मानांचं. ज्याच्याकडे पाचपेक्षा कमी जमिनी आहेत त्याला गठ्ठ्यातून शोधून पाचाची भरपाई करून देणारं. खरं तर मागे पडलेल्या गरिबाला हात द्यायला काढलेलं पान. लाँगच्या डेकने काय करावं? पाच जमिनींतून नेहमीसारखे पाच माना काढायचे, मग त्याच पाच विकून आणखी पाच काढायचे. झाले दहा. आता आपण भूमिहीन. मग त्यातले चार मोडून नॅचरल बॅलन्स खेळायचं आणि पाच ताज्या जमिनी फुकट घ्यायच्या. त्याही पिळायच्या, त्याही विकायच्या. पुन्हा दहा.

यातून यायचं 'कॅडॅव्हरस ब्लूम'. हातातलं एक पान खेळातून कायमचं बाद केलं की दोन काळे किंवा दोन हिरवे माना. हातच्या पानांची होळी करणारं हे पान एकट्याने खेळलं तर दोन फेऱ्यांत हात रिकामा. म्हणून सोबतीला 'प्रॉस्परिटी': जितका माना ओताल तितकी पानं प्रत्येक खेळाडूला. प्रत्येकाला, म्हणजे शत्रूलाही. एक पान जाळून दोन माना आणि एका मानाला एक पान, असा हा दामदुप्पट व्यवहार. सात पानं उचला, सात जाळा, चौदा माना. चौदा ओतून आणखी पानं. एकच अडचण, आणि मला ती फार आवडते. प्रॉस्परिटी पेटवायला एक निळा माना लागतो आणि ब्लूम निळा देत नाही. तेव्हा जमिनींची विक्री चालू असताना बेट कधी विकायचं आणि निळा थेंब कशासाठी राखायचा, इथे सगळा कस लागायचा. शिवाय त्या काळी न वापरलेला माना अंगावर भाजायचा. जितका उरेल तितके गुण कमी. हा नियम 2009 मध्ये गेला, पण लाँगला प्रत्येक थेंबाचा जमाखर्च मांडावा लागत होता.

शेवटी सगळा काळा माना 'ड्रेन लाइफ' मध्ये ओतायचा आणि समोरच्याचं रक्त शोषायचं. अंतिम सामना मार्क जस्टिसशी होता. त्यातली हकीकत खेळाडू आजही सांगतात. ऐन साखळीत माना कमी पडला तेव्हा लाँगने डेकमधलं एकमेव ड्रेन लाइफ कॅडॅव्हरस ब्लूमच्या आगीत टाकलं. जिंकायचं हत्यारच गेलं. पण चेहऱ्यावर रेषा न हलवता तो पुढे पानं काढत राहिला, आणि आता व्हायचं ते होणारच असं मानून जस्टिसने डाव सोडला. लाँग विजेता ठरला. त्या डेकमध्ये घालायच्या पानांइतकीच समोरच्याच्या मनातली भीती कामाला आली, असं माझं मत.

हे वाचून कोणाला वाटेल, दोन पानं जुळवली की झालं. करून पाहा. 60 पानांत एका पानाच्या चार प्रती असतील तर सुरुवातीच्या सात पानांत त्यातली निदान एक येण्याची शक्यता सुमारे 40 टक्के. जोडीतली दोन्ही पानं एकदम येण्याची शक्यता 15 टक्क्यांच्याही किंचित खाली. म्हणजे पिसून वाटलेल्या सात डावांतून जेमतेम एकदा. म्हणून कॉम्बो डेकचा खरा इतिहास जोडीच्या पानांपेक्षा शोधणाऱ्या पानांचा आहे. प्रॉसब्लूममध्ये 'व्हँपायरिक ट्यूटर' दोन गुणांच्या मोबदल्यात हवं ते पान गठ्ठ्याच्या वर आणून ठेवायचं, 'इम्पल्स' वरच्या चारांतून एक निवडू द्यायचं. नवशिके कॉम्बोची पानं आधी जमवतात आणि बाकीचा डेक उरल्यासुरल्याने भरतात. जाणकार उलट्या बाजूने येतो. आधी शोध, मग संरक्षण, आणि कॉम्बोला उरलेली जागा, तीही जेवढी अपरिहार्य तेवढीच.

माझी या खेळाशी गाठ पडली ती 1998 च्या हिवाळ्यात, न्यू जर्सीत. वायटूकेच्या कामासाठी कोबोल लिहिणारी जी मराठी माणसं तेव्हा विमानं भरभरून अमेरिकेला गेली, त्यात मीही होते. जुन्या प्रोग्रॅममधली दोन आकडी वर्षं चार आकडी करायची, हे काम. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या क्युबिकलमधली मंडळी पानं मांडून बसायची. आमच्याकडे पत्ते म्हणजे 52 पानांचा कॅट आणि सगळ्यांना तीच पानं. इथे प्रत्येक जण आपला कॅट घरून बांधून आणतो, हे मला प्रथम लबाडीच वाटली. नंतर समजलं की खेळ अर्धा तिथेच होतो.

तो हिवाळा मॅजिकच्या इतिहासात 'कॉम्बो विंटर' म्हणून ओळखला जातो. ऑक्टोबर 1998 मध्ये 'अर्झाज सागा' संच आला. त्यातली 'टोलेरियन अकॅडमी' ही जमीन आपल्या जितक्या यंत्रवस्तू पटावर असतील तितके निळे माना द्यायची. शून्य मानाच्या यंत्रवस्तू ओळीने मांडा, अकॅडमी पिळा, म्हणजे आडवी करून माना काढा, 'माइंड ओव्हर मॅटर' ने हातातलं पान फेकून तिला पुन्हा उभी करा, पुन्हा पिळा. शेवटी 'स्ट्रोक ऑफ जीनियस' ने समोरच्याला त्याच्या गठ्ठ्यात आहेत त्याहून जास्त पानं उचलायला लावा. गठ्ठा संपला की माणूस हरला. नोव्हेंबरमध्ये रोमच्या प्रो टूरला फिनलंडचा टॉमी होवी अकॅडमी घेऊन जिंकला आणि वर्ष संपायच्या आत बंदी जाहीर झाली. तेव्हा एक विनोद सगळीकडे चालायचा: डावाची सुरुवात म्हणजे नाणेफेक, मध्य म्हणजे हातची पानं बदलायची की नाही याचा निर्णय, आणि शेवट म्हणजे पहिली फेरी. फेब्रुवारी 1999 च्या 'अर्झाज लेगसी' मधलं 'मेमरी जार' तर येताच काही आठवड्यांत तातडीने बाद करावं लागलं. कंपनीच्या प्रमुखाने पानं रचणाऱ्यांना बोलावून झापलं होतं, असं त्यांच्यातल्याच मार्क रोझवॉटरने सांगून ठेवलं आहे.

अकॅडमीबद्दल मला फारसं प्रेम नाही. ती सापडली म्हणण्यापेक्षा सांडलेली होती. जो वाकेल त्याच्या हाती लागत होती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात डोनेट आलं, आणि इल्यूजन्सशी त्याची गाठ बांधणारा 'ट्रिक्स' नावाचा डेक आकाराला आला. त्याचं श्रेय मिशेल बुश या खेळाडूला दिलं जातं. ट्रिक्सची खरी गंमत तिसऱ्या पानात. 'नेक्रोपोटन्स' हे पान एका गुणाला एक पान या दराने हात भरून देतं. आता इल्यूजन्सने आलेले 20 गुण पाहा. ते परत करायचेच नाहीत, कारण परतफेड समोरचा करणार आहे. मग ते नेक्रोपोटन्समध्ये घालून पानं उचला, त्या पानांतून डोनेट शोधा. उसने आणलेले पैसे खर्च करून कर्ज दुसऱ्याच्या नावावर चढवायची सोय हातात आली. 'डीमॉनिक कन्सल्टेशन' सारखी शोधणारी पानं जोडल्यावर तर तो डेक काही हंगाम 'एक्स्टेंडेड' या स्पर्धाप्रकारात सगळ्यांना भारी पडला. मग नेहमीचा शेवट: आधी वेगाने माना देणारी पानं गेली, पुढे नेक्रोपोटन्सही बाद झालं.

इथे माझा एक आक्षेप आहे. ट्रिक्स हे नाव घेतलं की लोक त्याला विक्षिप्त डेक म्हणतात. पहिल्या आठवड्यात तो तसा होता. ज्या दिवशी शेजारच्या चार टेबलांवर तोच डेक दिसायला लागला त्या दिवशी त्यातली विक्षिप्तता संपली. खोक्यातून पान उचलणारा पहिला माणूस आणि त्याच्या यादीवरून डेक बांधणारा पाचशेवा माणूस, यांचा छंद एक नव्हे.

रोझवॉटरने 2002 मध्ये खेळाडूंच्या तीन जाती लिहून काढल्या. भव्य काहीतरी घडावं म्हणून खेळणारा टिमी, जिंकण्यासाठी खेळणारा स्पाइक, आणि स्वतःचं डोकं दाखवण्यासाठी खेळणारा जॉनी. कॉम्बो बांधणारे ते जॉनी. जात ओळखली की बाजार मांडता येतो. 2001 च्या 'ऑडिसी' संचातलं 'बॅटल ऑफ विट्स' असंच जॉनीसाठी: फेरीच्या सुरुवातीला गठ्ठ्यात 200 किंवा जास्त पानं असतील तर तुम्ही जिंकलात. लोकांनी 240 पानांचे डेक बांधले. डेक किती मोठा असावा यावर नियमाने मर्यादा नाही. मात्र तो स्वतःचा स्वतःला पिसता आला पाहिजे. मजेशीर पान आहे, नाही म्हणत नाही. पण त्यावर 'येथे खणा' अशी पाटी लावलेली आहे, आणि मला पाटी नसलेली जागा हवी असते.

पाटीशिवाय अपघात आजही होतात. जानेवारी 2017 च्या 'ईथर रिव्होल्ट' मध्ये 'फेलिडार गार्डियन' नावाचं मांजर आलं. त्याची आदल्याच संचातल्या 'साहिली राय' शी अखंड साखळी जमते, हे कंपनीच्या ध्यानात छापल्यानंतर आलं. साहिली मांजराची नक्कल करते, नक्कल साहिलीला ताजी करते, अशी हवी तितकी मांजरं. एप्रिलमध्ये मांजर बाद. दोन शेजारी संच, तरी नजरेतून सुटलं. 31 कोटी जोड्यांचं काय घेऊन बसलात.

पण माझ्या मते या इतिहासातला सगळ्यात चमत्कारिक भाग ताकदीचा नाही, घड्याळाचा आहे. 2012 च्या ऑक्टोबरमध्ये सिएटलच्या प्रो टूरला चेक खेळाडू स्टानिस्लाव सिफ्का 'एग्ज' घेऊन जिंकला. स्वस्त यंत्रवस्तू फोडायच्या, प्रत्येकीतून एक पान घ्यायचं, मग 'सेकंड सनराइज' खेळून त्या फेरीत मोडलेलं सगळं पटावर परत आणायचं आणि पुन्हा फोडायला घ्यायचं. शेवटी एक छोटा बाँब दोन-दोन गुणांनी समोरच्याला संपवणार. एक फेरी संपता संपत नसे. सभागृहातले बाकी सगळे सामने आटोपून लोक याच्याभोवती उभे. 2013 च्या एप्रिलमध्ये सेकंड सनराइजवर बंदी जाहीर झाली, आणि कारण दिलं ते वेळेचं.

याहून पुढची पायरी 'फोर हॉर्समेन'. 'बॅसॉल्ट मोनोलिथ' हे 1993 च्या पहिल्या आवृत्तीतलं पान: तीन माना देतं, तीन भरले की पुन्हा उभं राहतं. फायदा शून्य. 'मेस्मेरिक ऑर्ब' हे 2003 चं: कुठलीही वस्तू उभी राहिली की तिच्या मालकाच्या गठ्ठ्यातलं वरचं एक पान ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे वापरून झालेल्या पानांच्या ढिगात. दोन्ही एकत्र केली की आपला गठ्ठा एक-एक पान करून हवा तितका ओतता येतो. त्यात 'एमराकूल' असतो. तो ग्रेव्हयार्डमध्ये पडला की सगळा ढीग पिसून पुन्हा गठ्ठ्यात. जिंकायला लागणारी पानं एमराकूलच्या आधी पडायला हवीत: पडता पडता आपणहून पटावर येणारी 'नार्कोमीबा', शिवाय 'ड्रेड रिटर्न' आणि सोबतची एक-दोन. नाही पडली तर पुन्हा पिसा, पुन्हा ओता. कधी ना कधी हवा तो क्रम येणारच, हे गणिताने सिद्ध.

स्पर्धेचा नियम मात्र वेगळं विचारतो. साखळी किती वेळा फिरवणार तो आकडा सांगा, आणि त्यानंतर पट नेमका कसा दिसेल तेही सांगा. मग ती झाली असं धरून पुढे जाता येतं. फोर हॉर्समेनवाल्याला आकडा सांगता येत नाही, कारण पिसलेल्या गठ्ठ्याचा क्रम कोणालाच ठाऊक नसतो. हाताने फिरवत बसलं तर पट आहे तिथेच राहतो आणि पंच वेळकाढूपणाचा इशारा देतो. आयुष्यभर संगणकाला 'थांबशील कधी?' विचारण्यात गेलेल्या मला हा पेच जवळचा वाटतो. 2019 मध्ये अ‍ॅलेक्स चर्चिल, स्टेला बिडरमन आणि ऑस्टिन हेरिक यांनी शोधनिबंधातून दाखवून दिलं की मॅजिकचा पट मांडून कुठलीही संगणकीय आकडेमोड करता येते, आणि म्हणून असा डाव पुढे कसा संपेल हे आधी ठरवणारी एकच सर्वसाधारण रीत असू शकत नाही.

आता पुण्यात आम्ही खेळतो ते 'कमांडर'. 100 पानं, प्रत्येकाची एकच प्रत, 40 गुण आणि चार भिडू. तिथे घड्याळ नाही, घाई नाही, आणि डोनेट दिलं की बाकीचे दोघे खूश होतात. विक्षिप्त डेक बांधायचा असेल तर तिथून सुरुवात करा, आणि पानं निवडताना किमतीच्या यादीच्या तळाकडून वाचत या.

फोर हॉर्समेनवर आजवर कोणी बंदी घातलेली नाही. 'लेगसी' या स्पर्धाप्रकारात त्यातलं प्रत्येक पान कायदेशीर आहे. फक्त तो डेक स्पर्धेत खेळता येत नाही.